पॅसिफिकमधले बेटदेश, हवामान बदल आणि आरोग्य: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

हे नेमके कुठल्या देशांबद्दल आहे?

मुख्यतः पॅसिफिक महासागरातले छोटे देश, म्हणजे फिजी, समोआ, टोंगा, वानुआतू, सॉलोमन आयलंड्स, किरिबाटी, तुवालू, नाउरू, मार्शल आयलंड्स, मायक्रोनेशिया, पलाऊ, कुक आयलंड्स वगैरे. मध्ये मध्ये कॅरिबियन आणि हिंदी महासागरातल्या बेटांचाही उल्लेख येईल, कारण काही गोष्टी तिकडे जास्त चांगल्या जमल्यात. छोटे म्हणजे किती छोटे? तुवालूची लोकसंख्या साधारण ११ हजार, जमीन २६ चौरस किलोमीटर. किरिबाटीची जमीन ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडी जास्त, पण ती ३३ बेटांत वाटलेली आणि ही बेटं जवळपास ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात पसरलेली. हा एक आकडा डोक्यात ठेवला तर पुढचं बरंच आपोआप कळतं.

समुद्र वर येतोय, बेटं बुडणार, हे माहितीये. पण आजारपणाशी त्याचा काय संबंध?

बुडायच्या कितीतरी आधी माणसं आजारी पडतात, खरा मुद्दा तोच आहे आणि बातम्यांमध्ये तोच कमी येतो.

पाण्यापासून सुरू करू. प्रवाळाच्या सपाट बेटांवर नद्या नसतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो, विहिरींना तेच पाणी. मोठी भरती किंवा वादळाची लाट बेटावरून गेली की तो थर खारट होतो, आणि परत गोड व्हायला नुसता पाऊस पडून भागत नाही, महिनोन् महिने जातात. कुक आयलंड्समधल्या पुकापुका बेटावर २००५ च्या पर्सी वादळानंतर जवळपास वर्ष लागलं. उलट पाऊस नाही पडला तर टाक्या रिकाम्या, २०११ मध्ये तुवालूला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली आणि न्यूझीलंडने विमानाने खारं पाणी गोडं करायची यंत्रं पाठवली. पाणी कमी म्हणजे हात धुणं कमी, म्हणजे जुलाब, म्हणजे सगळ्यात आधी लहान मुलं. किरिबाटीत साउथ तारावा नावाच्या चिंचोळ्या पट्टीवर देशाची अर्धी लोकसंख्या राहते, तिथे विहिरी, संडास आणि डुकरं सगळं एकमेकांच्या शेजारी, त्यामुळे तिथलं पाणी खारं नसलं तरी स्वच्छ असेलच असं नाही.

मग डास. पाणी साठवलं की पिंपात डास, पूर आला की टायरांत आणि करवंट्यांत डास. डेंग्यू तिथे जुना आहे, पण आता साथी जास्त येतात. मार्शल आयलंड्सने २०१९ मध्ये त्यासाठी आरोग्य आणीबाणी लावली, २०२५ मध्ये समोआ, कुक आयलंड्स, फिजीत पुन्हा साथ. फिजीने तर हवामानाशी जोडलेले आपले चार आजार ठरवूनच टाकलेत: डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो आणि जुलाब. लेप्टो म्हणजे आपल्याकडे २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत पसरला होता तोच.

आणि मासे. प्रवाळाची मोडतोड झाली की त्यावर एक सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्याचं विष लहान माशातून मोठ्या माशात साठत जातं, त्याला सिग्वाटेरा म्हणतात. मासा शिजवून, तळून, गोठवून काहीही केलं तरी विष जात नाही. जिथे रोजचं जेवणच मासा आहे तिथे हे किती वाईट ते सांगायला नको.

म्हणजे पाऊस वाढला की आजार वाढणार, असा सरळ हिशोब?

नाही ना, तसं असतं तर सोपं होतं. सॉलोमन आयलंड्समध्ये ग्वाडलकनाल बेटाच्या उत्तर भागात उलटं आहे, तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस कमी झाला तर पुढच्या सहा महिन्यांत मलेरिया वाढतो. कारण तिथला डास किनाऱ्यालगतच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि जास्त पाऊस झाला की ते पाणी, अळ्यांसकट, समुद्रात वाहून जातं. यावरून तिथल्या हवामान खात्याने आणि मलेरियावाल्यांनी मिळून आधीच इशारा द्यायची पद्धत बसवली, मालाक्लिम म्हणतात तिला. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात आवडण्यासारखं काम आहे, खर्च फार नाही, दोन खाती एकमेकांशी बोलायला लागली एवढंच.

यात आरोग्याची 'विषमता' आहे असं लोक म्हणतात, ते कशासाठी? वादळ तर सगळ्यांवरच येतं.

वादळ सगळ्यांवर येतं पण मरणं सगळ्यांना सारखं येत नाही. एक विषमता जगातली: सगळे छोटे बेटदेश मिळून जगाच्या एक टक्काही कार्बन सोडत नाहीत. दुसरी देशाच्या आतली, तिच्याबद्दल तिथली सरकारंही कमी बोलतात. राजधानीत हॉस्पिटल असतं, लांबच्या बेटावर एक नर्स असते, कधी तीही नसते, जहाज काही आठवड्यांनी येतं. बाळंतीण अडली तर काय करायचं? होनियारा (सॉलोमन), सुवा (फिजी), पोर्ट विला (वानुआतू) या राजधान्यांच्या कडेला झोपडवस्त्या आहेत, बहुतेक लोक बाहेरच्या बेटांवरून आलेले, जागा मिळाली ती नदीकाठची. एप्रिल २०१४ मध्ये होनियारात पूर आला तेव्हा अशाच वस्त्या वाहून गेल्या आणि नंतर जुलाबाची साथ आली, ती पूर न आलेल्या प्रांतांतही पोचली.

आणि तिसरी विषमता बेटाबेटांमधली. न्यू कॅलेडोनिया आणि ताहिती फ्रान्सचे, त्यांच्याकडे चांगल्या प्रयोगशाळा. ग्वाम अमेरिकेचं. शेजारचं किरिबाटी कुणाचंच नाही. एकच समुद्र, पण आजारी पडल्यावर काय मिळेल हे शंभर वर्षांपूर्वी तुमच्यावर कुणाचं राज्य होतं त्यावर ठरतं, हे मला तरी फार चीड आणणारं वाटतं.

पण मग प्रत्येक देश आपलं आपलं बघत का नाही?

कारण परवडतच नाही, साधा हिशोब आहे. ११ हजार माणसांच्या देशात कॅन्सरचा डॉक्टर ठेवून तो करणार काय? वर्षातून काही पेशंट. विषाणू तपासायची प्रयोगशाळा, साथरोगतज्ज्ञ, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर, मेडिकल कॉलेज, या गोष्टींना एक किमान आकार लागतो आणि यातल्या बहुतेक देशांचा तो आकारच नाही. म्हणून तिथे 'सहकार्य' हा शब्द भाषणातला नाहीये, त्याशिवाय रक्ताचा नमुनासुद्धा तपासून होत नाही.

वर आजार काही हद्द बघून थांबत नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, पॅसिफिकमध्ये पूर्वी असं दिसायचं की एक प्रकार काही वर्षं सगळीकडे फिरतो, मग लोकांमध्ये त्याची प्रतिकारशक्ती येते आणि दुसरा प्रकार येऊन त्याची जागा घेतो. म्हणजे शेजारच्या बेटावर आज कुठला प्रकार आहे हे कळलं तर आपल्याकडे उद्या काय येणार याचा अंदाज येतो. एकट्याने हे कळणारच नाही.

हे सहकार्य कधीपासूनचं आहे? आत्ताच हवामान बदलाचे पैसे यायला लागले म्हणून?

नाही, खूप जुनं आहे. १८७५ मध्ये फिजीत गोवर आला, लोकसंख्येचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त माणसं गेली. पुढे १८८५ मध्ये सुवामध्ये स्थानिक मुलांना वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा निघाली, तीच पुढे फिजी स्कूल ऑफ मेडिसिन झाली आणि आजही कितीतरी बेटांचे डॉक्टर तिथूनच शिकून जातात. १९४७ मध्ये आज ज्याला पॅसिफिक कम्युनिटी किंवा एसपीसी म्हणतात ती विकासकामांची प्रादेशिक संस्था झाली, मुख्यालय न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआत, २७ सदस्य. १९७१ मध्ये पॅसिफिक आयलंड्स फोरम, हे राजकीय व्यासपीठ, १८ सदस्य, ऑफिस सुवात. पर्यावरणाची वेगळी संस्था एसप्रेप, ती समोआच्या आपियात. १९९५ मध्ये आरोग्यमंत्री फिजीच्या यानुका बेटावर जमले आणि 'हेल्दी आयलंड्स'ची कल्पना मांडली, तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी भेटतात. २०१८ च्या नाउरूच्या बो जाहीरनाम्यात नेत्यांनी हवामान बदल हाच आपल्या लोकांच्या जगण्याला, सुरक्षिततेला आणि स्वास्थ्याला सगळ्यात मोठा धोका असं लिहून टाकलं.

जाहीरनामे खूप झालेत तिथे. माझं लक्ष जाहीरनाम्यांपेक्षा खालच्या गोष्टींकडे जास्त जातं.

खालच्या म्हणजे कुठल्या?

उदाहरणार्थ १९९६ मध्ये एसपीसी आणि डब्ल्यूएचओने मिळून सुरू केलेलं पॅसिफिकचं साथरोग निगराणी नेटवर्क, पीपीएचएसएन. त्याचं पहिलं काम काय होतं, तर डॉक्टर लोकांचा एक ईमेल ग्रुप, पॅकनेट. कुठल्या बेटावर ताप वाढला की तिथला डॉक्टर लिहितो आणि बाकी सगळे सावध होतात. मग लॅबनेट आलं, म्हणजे ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही त्याने नमुना कुठे पाठवायचा हे आधीच ठरलेलं, सुवाचं मटाइका हाउस, ताहितीची, नूमेआची, ग्वामची. २०१० पासून दर आठवड्याला दवाखान्यांकडून लक्षणं मोजून घेतात: ताप आणि पुरळ, जुलाब, फ्लूसारखा आजार, लांबलेला ताप. निदान व्हायची वाट न बघता नुसती लक्षणं, कारण निदान व्हायला नमुना विमानाने जावा लागतो आणि विमान आठवड्यातून एकदा किंवा दोनदा.

याला ना उद्घाटनाचा फलक लागतो ना कुणी फोटो काढतं, पण झिका असो डेंग्यू असो, हेच उपयोगी पडतं. झिकाची पहिली मोठी साथ २००७ मध्ये मायक्रोनेशियातल्या याप बेटावर आली होती, ब्राझीलचं नाव गाजायच्या कितीतरी आधी.

औषधं आणि लसींचं काय? एवढ्याशा देशाला कंपनी कशाला भाव देईल?

देत नाहीच. म्हणून एकत्र खरेदी. युनिसेफने १९९१ मध्ये लसींची योजना काढली, पॅसिफिक देशही त्यात आहेत, देशांनी स्वतःच्या बजेटमधून पैसे द्यायचे पण खरेदी युनिसेफमार्फत आणि आधी लस मग पैसे असं चालतं. कॅरिबियनमध्ये पूर्वेकडच्या छोट्या बेटांची औषधांची एकत्र खरेदी १९८६ पासून आहे आणि ती जास्त पक्की बसलीय.

वादळ आलं की प्रत्यक्षात कोण धावतं?

आधी शेजारी. १९९२ पासून फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचा एक करार आहे, तिघांनी मिळून विमानं-जहाजं पाठवायची. २०१५ ला वानुआतूत पाम, २०१६ ला फिजीत विन्स्टन (४४ मृत्यू), दोन्ही वेळा हे चाललं. पण बाहेरून आलेल्या टीमला भाषा येत नाही, गावच्या प्रमुखाशी कसं बोलायचं ते कळत नाही, आणि तिचीच जेवायची-राहायची सोय करावी लागते. म्हणून बेटांनी आपल्याच आपत्कालीन वैद्यकीय टीम बनवल्या. फिजीच्या टीमला २०१९ मध्ये डब्ल्यूएचओची मान्यता मिळाली, पॅसिफिक बेटांतली पहिलीच. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये हॅरोल्ड वादळ आलं आणि तेव्हा कोविडमुळे सगळ्या सीमा बंद, बाहेरून कुणी येऊच शकत नव्हतं, तेव्हा आपली माणसं तयार असणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

आणि दवाखानाच वाहून गेला तर?

जातोच. बेटावर सपाट जागा किनाऱ्यालाच असते, रस्ता तिथेच, धक्का तिथेच, म्हणून दवाखानाही तिथेच. पॅसिफिकमधल्या निम्म्याहून जास्त बांधकामं किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या आत आहेत. छत घट्ट बांधणं, जनरेटर उंचावर ठेवणं, लसीच्या फ्रिजला सोलर लावणं, पावसाचं पाणी साठवणं, यातल्या बऱ्याच गोष्टी स्वस्तातल्या आहेत. कॅरिबियनमध्ये 'स्मार्ट हॉस्पिटल' नावाने हे पद्धतशीर केलंय.

मधुमेह, लठ्ठपणा यांचा हवामानाशी संबंध जोडणं जरा ओढूनताणून नाही का?

आधी कुणालाही तसंच वाटेल असा हा विषय आहे, पण नाही. पॅसिफिकमध्ये दर चार मृत्यूंपैकी साधारण तीन हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर, पक्षाघात अशा आजारांनी होतात. याची मुळं जुनी आहेत, वसाहती, खाणी, आयात केलेला तांदूळ, मैदा, डब्यातलं मटण. पण आता जमिनीत खारं पाणी घुसल्यामुळे अळकुड्यांचे खड्डे मरतात. हो, अळू, आपलं वडीचं अळूच, त्याचे कंद हे तिथलं मुख्य अन्न (तुवालू-किरिबाटीत त्याचा दलदलीतला मोठा भाऊबंद, खड्डे खणून लावतात). ते गेलं की दुकानातला तांदूळ आणि डबे हाच पर्याय. वादळानंतर मदत म्हणून येतं तेही तेच. आणि मधुमेहाच्या पेशंटला वादळात इन्सुलिन मिळालं नाही, डायलिसिस बंद पडलं, तर तो मृत्यू वादळाच्या आकड्यात धरतच नाहीत.

इथे सहकार्याचं एक झकास उदाहरण आहे. १९९३ मध्ये समोआत अळूवर करपा आला आणि पीक जवळपास संपलं. सुवामध्ये एसपीसीची पिकांची बीजपेढी आहे, तिच्यात वेगवेगळ्या बेटांची आणि आग्नेय आशियातली वाणं जपलेली, त्यांच्या संकरातून समोआला करपा झेलणारं अळू परत मिळालं. आता तिथेच खारट जमीन आणि दुष्काळ सोसणारी वाणं निवडतात. आरोग्य खात्याच्या बजेटमध्ये हे कुठेच दिसत नाही, पण माझ्या मते हे आरोग्याचंच काम आहे.

पैसे कोण देतं?

बाहेरचे देतात, आणि घोळ तिथेच आहे. २०१७ मध्ये बॉनला झालेल्या कॉप२३ या यूएनच्या हवामान परिषदेचा फिजी अध्यक्ष होता, तेव्हा डब्ल्यूएचओने छोट्या बेटदेशांसाठी खास कार्यक्रम जाहीर केला, २०३० पर्यंत सगळ्यांची आरोग्यव्यवस्था हवामानाला तोंड देणारी करायची. चांगलं आहे. पण डब्ल्यूएचओच सांगत आलीय की हवामानासाठीच्या बहुपक्षीय निधीतला आरोग्याचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. आणि येतात ते तीन-चार वर्षांच्या प्रोजेक्टसारखे, त्यात सल्लागार येतो, रिपोर्ट होतो, एक माणूस ट्रेन होतो, प्रोजेक्ट संपला की त्याची पोस्ट संपते. शिवाय प्रत्येक देणाऱ्याचा फॉर्म वेगळा, आणि मंत्रालयात फॉर्म भरायला माणसं चार, तीच चार माणसं साथ आली की साथीवर.

नुकसानभरपाईचा मुद्दा वानुआतूने बेटदेशांच्या गटातर्फे १९९१ मध्येच मांडला होता. निधी ठरला २०२२ ला, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. एकतीस वर्षं! आता बेटांनी स्वतःचा निधी, पॅसिफिक रेझिलियन्स फॅसिलिटी, काढलाय, मुख्यालय टोंगात, गावपातळीवर छोट्या अनुदानांसाठी, म्हणजे मोठ्या निधीच्या दारात रांग लावायला नको.

विमा उतरवत नाहीत का?

उतरवतात, देशांचा एकत्र. कॅरिबियनचा २००७ पासून आहे, नुकसान मोजत न बसता वाऱ्याचा वेग किंवा पाऊस ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की पैसे. २०१७ मध्ये मारिया वादळाने डोमिनिकाचं नुकसान केलं ते देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के, विम्याचे १.९ कोटी डॉलर दोन आठवड्यांत आले. सगळं भागत नाही, पण पहिला पगार, पहिलं औषध भागतं. पॅसिफिकमध्ये पामनंतर वानुआतूला १९ लाख डॉलर मिळाले, नुकसान होतं जवळपास ४५ कोटींचं. सॉलोमनला २०१४ च्या पुराचे काहीच मिळाले नाहीत, अटीत बसत नव्हतं, ते बाहेर पडले. मीही पडलो असतो.

ऑस्ट्रेलिया फोरमचा सदस्य आहे आणि कोळसाही विकतो, हे कसं चालतं?

कुरबुर करत चालतं. २०१९ मध्ये तुवालूत फोरम भरला तेव्हा कोळशाच्या उल्लेखावरून तासन् तास वाद झाला आणि शेवटी शब्द मऊ करून जाहीरनामा निघाला. सगळ्यात मोठी मदत देणाराही तोच, त्यामुळे फार ताणता येत नाही. आणि बेटाबेटांत तरी कुठे सगळं गोड आहे, २०२१ मध्ये सरचिटणीसपदावरून मायक्रोनेशिया म्हणतात त्या भागातले (त्याच नावाच्या देशासकट) पाच देश फोरम सोडायला निघाले होते, किरिबाटी तर खरंच बाहेर गेला आणि २०२३ मध्ये परत आला.

नर्सेसचा प्रश्न मला यापेक्षा मोठा वाटतो. फिजीतून कितीतरी नर्स ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जातात, पगार कितीतरी पट. एका हाताने ट्रेनिंगला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ट्रेन झालेली माणसं उचलायची, याला प्रादेशिक सहकार्य म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडच्या नर्सेसही परदेशी जातात, पण आपल्याकडे मागे खूप उरतात, तिथे एका बेटावरची एकमेव नर्स गेली की दवाखान्याला कुलूप.

लोकांना सरळ दुसरीकडे हलवलं तर?

काही जण हलताहेत. फिजीतलं वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये आत सरकवलं. तुवालूचा ऑस्ट्रेलियाशी फालेपिली करार आहे, २०२४ पासून लागू, वर्षाला २८० जणांना जाता येतं. पण आधी जाणार कोण, तर शिकलेले आणि धडधाकट. म्हातारे, आजारी मागे राहणार आणि त्यांना बघणारे कमी होणार, याची तयारी आत्तापासून हवी.

कोर्टाने काही सांगितलं म्हणे?

हो. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ साउथ पॅसिफिकच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मोहीम सुरू केली, वानुआतूने ती उचलली, २०२३ मध्ये यूएन आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. सल्लागार मत आहे, जप्तीची नोटीस नाही. पण पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत ते टेबलावर असणार.

आपला, मराठी माणसाचा, याच्याशी काय संबंध?

२००६ चा चिकनगुनिया आठवतोय? गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. ती साथ त्याआधी हिंदी महासागरातल्या बेटांवर होती, कोमोरोस, रियुनियन, मॉरिशस. रियुनियनमध्ये एक तृतीयांश लोकांना झाला. आणि सुरुवात केनियाच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये, दुष्काळात, लोक घरात पाणी साठवत होते तेव्हा. त्यातून धडा घेऊन हिंदी महासागर आयोगाच्या देशांनी २००९ मध्ये आपलं निगराणी नेटवर्क उभं केलं, मॉरिशस त्यात आहे, आणि मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे.

भारत सरकारही थोडंफार करतं: २०१७ च्या भारत-यूएन निधीतला पहिला प्रकल्प पॅसिफिकमधल्या सात देशांसाठी हवामानाच्या पूर्वसूचनेचा होता.

एवढं सगळं असून अपयश कुठे आलं?

समोआ, २०१९. २०१८ मध्ये लस देताना चुकीचं औषध मिसळून दोन बाळं दगावली, लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण एक तृतीयांशाच्याही खाली गेलं, सगळ्यांना माहीत होतं. मग न्यूझीलंडमधून गोवर आला आणि दोन लाखांच्या देशात ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. लस न घेतलेल्या घरांनी दारावर लाल कापड लावायचं आणि टीमने घरोघर जायचं, असं करून साथ आटोक्यात आणली, मदतीला कितीतरी देशांच्या टीम आल्या. गोवर हवामानामुळे येत नाही हे खरं. पण नेटवर्क इशारा देऊ शकतं, गेलेला विश्वास परत आणू शकत नाही, आणि पुढच्या वादळानंतर टायफॉइडची लस घेऊन तीच नर्स त्याच दारात उभी राहणार आहे.

फिजी किंवा समोआला फिरायला जाणार आहोत, काही काळजी?

गोवरची लस पूर्ण झालीय का बघा, स्वतःची आणि मुलांची, आपण आजार घेऊन जाऊ नये म्हणून. दिवसाही डासांचं मलम लावा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नका. मोठा प्रवाळमासा खायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, कुठल्या बाजूचा मासा चालतो ते त्यांना बरोबर माहीत असतं.